उत्तरा देशाचा आवाज

उत्तरा नावाचा देश कुठंच नव्हता. माझ्या नवऱ्याच्या मित्रानं तो रेडिओवरच्या मालिकेसाठी रचला होता. समुद्रातलं एक बेट, थंड हवा, लोक थोडे आणि शेजारी बलाढ्य. शेजाऱ्यानं क्षेपणास्त्रं सोडली तर ती वाटेतच जाळून टाकता यावीत म्हणून उत्तरानं आकाशात उपग्रहांची माळ फिरत ठेवली होती. प्रत्येक उपग्रहावर एक किरणास्त्र. या सगळ्या व्यवस्थेला मालिकेत ‘प्रहरी’ म्हणायचे. प्रहरीच्या नियंत्रण कक्षात एक बाई बसलेली असायची. तिला नाव नव्हतं. उपग्रहाला काय दिसतंय, तो कुठं वळतोय, किरण सुटला की नाही, एवढंच ती सांगायची. त्या बाईचा आवाज माझा होता.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे आणि ते सगळ्या बाजूंनी फुगत चाललं होतं. आम्ही सिडकोच्याही पलीकडं, नुकत्याच पाडलेल्या वसाहतीत घर बांधून राहायला आलो होतो. आमच्या आजूबाजूला घरं कमी आणि आखलेले प्लॉट जास्त. रस्ता म्हणजे मुरूम टाकून दाबलेली पट्टी. नवरा वाळूजला एका नव्या कारखान्यात इंजिनिअर होता, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आमच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी आणि कारकुनी चालायची. स्वतःचं घर बांधणारे आम्ही दोघं पहिलेच, म्हणून नातेवाईक मुद्दाम बघायला यायचे आणि पाण्याचं विचारून गप्प व्हायचे. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. नळ नावापुरता. टँकर आला की मुरमावर धूळ उडायची, त्यावरून कळायचं.

त्या हिवाळ्यात मला आठवा महिना होता. एका सकाळी लक्षात आलं की पोटातली हालचाल थांबली आहे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ नळी पोटाला लावून ऐकलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. कळा औषधानं आणाव्या लागल्या. मुलगी झाली. नर्सनं विचारलं, “बघायचंय का?” खोलीतल्या मोठ्या बायकांपैकी कुणीतरी माझ्या वतीनं “नको” म्हटलं. मी काहीच म्हटलं नाही. नवरा आणि त्याचा एक नातेवाईक तिला घेऊन गेले. संध्याकाळी नवरा परत आला तेव्हा त्याचे केस ओले होते. कुठं नेलं, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दूध मात्र आलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आयाबाईनं कुठूनशी मिळवलेली मोगऱ्याची फुलं छातीवर ठेवून वरून कापडानं घट्ट बांधलं, म्हणजे आटतं. चार-सहा दिवसांत आटलं. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दुःख होत होतं असंही नाही. भाजी चिरायची, कपडे वाळत घालायचे, कुणी बोललं तर उत्तर द्यायचं. मी रडत नाही म्हणून आधी सगळ्यांना बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. कॉलेजातून रजा घेतली होती, ती वाढवत गेले.

नवऱ्याचा तो मित्र रेडिओ केंद्रावर नाटकं बसवायचा. दोघांनी कॉलेजात असताना एकांकिका केल्या होत्या. एका रविवारी तो घरी आला. नवरा दाढी करत होता आणि मी त्याला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत होते. कुठल्या तालुक्यात चारा छावण्या उघडणार, कुठल्या धरणात किती पाणी. मित्र दारातच उभा राहून ऐकत होता.

“वहिनी, पुन्हा वाचा बरं तेवढं.”

मी पुन्हा वाचलं.

“हाच आवाज हवाय मला,” तो नवऱ्याला म्हणाला. “महिनाभर शोधतोय. केंद्रावरच्या सगळ्या बायकांना अभिनय येतो. हिच्या आवाजात काहीच नाही.”

बोलल्यावर त्याचा चेहरा पडला. नवऱ्यानं वस्तरा खाली ठेवला. मी विचारलं, “कधी यायचं?”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, त्या घरात बऱ्याच दिवसांनी मी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

स्टुडिओ मला आवडला. जाड पडदे, भिंतींना भोकाभोकांच्या पाट्या, दार लागलं की बाहेरचं जग बंद. तिथं कुणी माझी चौकशी करत नव्हतं. काचेपलीकडं टेप फिरवणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते माझ्याशी एवढंच बोलायचे, “बाई, कागज नक्को हिलाव.” मी कागद हलवायचा नाही आणि वाक्य वाचायचं. “उपग्रह तीन, पूर्वेकडं वळतो आहे. ज्वाला दिसली. किरण सुटला. लक्ष्य नष्ट.” बाकीची मंडळी ओरडायची, धापा टाकायची, टेबलावर मुठी आपटायची. माझं वाक्य तसंच सरळ जायचं.

मित्राला विज्ञानाची आवड होती, पण बेताची. संहिता तो मला आधी वाचायला द्यायचा. एकदा मी त्याला सांगितलं की पोकळीत आवाज जात नाही, तेव्हा किरण सुटताना ‘सूंऽऽ’ होणार नाही. आणि तिथं धूळ नाही, म्हणून झोत बाजूनं दिसणारही नाही.

“दिसत नाही ते बरंच आहे,” तो म्हणाला. “पण ऐकू आलं पाहिजे वहिनी. रेडिओ आहे हा. ऐकू आलं नाही तर लोक म्हणतील सेल संपले.”

दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं, “या अस्त्राची एखादी खोड सांगा ना. कुठंतरी ते कमी पडायला हवं. नाहीतर गोष्ट पुढं सरकत नाही.”

“ढग,” मी म्हटलं. “दाट ढगातून असा झोत नीट जात नाही. पसरतो, शोषला जातो.”

तो खूश झाला. पुढच्या भागापासून उत्तराच्या शास्त्रज्ञांनी एक उपाय काढला. आधी एक रुंद किरण सोडून ढग विरवून टाकायचे, मग खरा किरण सोडायचा. माझ्या वाट्याला एक नवं वाक्य आलं. “ढगांचा अडथळा दूर केला आहे. आकाश निरभ्र.” ते जवळजवळ दर भागात यायचं.

मालिका उन्हाळ्यात सुरू झाली, आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या बातम्यांनंतर. आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर त्याच सुमारास एका धनगर कुटुंबानं बिऱ्हाड टाकलं होतं. ती माणसं गंगापूरच्या बाजूची. एरवी पाऊस सुरू झाला की ती आपल्या गावाकडं परतायची, पण गावाकडं मेंढरांच्या तोंडाला लागेल असं काही उरलं नव्हतं. शहराच्या कडेला निदान काहीतरी मिळायचं. घरधनी सकाळी सायकलवर शहागंजात जायचा आणि भाजीबाजारात टाकून दिलेली कोबीची, फुलकोबीची पानं पोत्यात भरून आणायचा. मेंढरं ती पानं खायची, आणि दुपारभर सगळ्या वसाहतीला कोबीचा उग्र वास यायचा. आम्हाला पाणी मिळालं की त्यांना एक-दोन घागरी द्यायच्या, असं नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं.

घागर न्यायला त्याची बायको यायची. माझ्याच वयाची असेल, कदाचित लहानही. उन्हानं कातडी रापलेली, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. सुरुवातीला आमच्यात बोलणं नव्हतं. एके दिवशी मी फाटकात उभी राहून टँकरवाल्याला सांगत होते की मागच्या गल्लीतही दोन घरं आहेत, तिकडंही जा. घागर कमरेवर घेतलेली ती थांबली.

“बाई, रेडूत तुमीच बोलता व्हय?”

पलीकडं एका बांधकामावर राखण करणारा माणूस होता. त्याच्या रेडिओवर ती मालिका ऐकायची.

“हो,” मी म्हटलं.

“म्या आवाजावरनं वळखलं.” तिनं आभाळाकडं बघितलं. “ते वर काय हाय म्हणं, ढग जाळणारं?”

“तसं काही नाही वर. ती गोष्ट आहे.”

“गोष्ट हाय व्हय.” तिनं घागर सावरली. “मंग ढग कुठं चाललेत?”

मी तिला सांगू लागले की वारे, दाब, समुद्रावरून येणारी हवा. वर्गात सांगते तसंच सांगत होते. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. मेंढरं ओरडायला लागली तशी गेली.

रोहिणी कोरड्या गेल्या. मृग कोरडा गेला. आर्द्रात एकदा आभाळ भरून आलं, वारा सुटला, बायकांनी वाळत घातलेले कपडे काढले, आणि तासाभरात पुन्हा ऊन पडलं.

त्याच दिवसांत मित्रानं मला एक नवा भाग वाचायला दिला. त्यात प्रहरीकडून चूक होते. सहलीहून परतणाऱ्या शाळेच्या मुलांचं विमान उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखं दिसतं आणि किरण सुटतो. मग नियंत्रण कक्षातल्या बाईला कळतं की ते विमान आपल्याच देशाचं होतं. संहितेत कंसात लिहिलं होतं, बाई हुंदके देऊन रडते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “वहिनी, हे मी बदलू शकतो. लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नाही.”

“कशाला बदलायचं?”

“तुम्हाला जमेल?”

“वाक्य जमेल. रडायचं नाही जमणार.”

आम्ही प्रयत्न केला. तो काचेपलीकडून हातानं खूण करायचा, मी वाक्य म्हणायची आणि पुढं काही यायचं नाही. त्यानं दिवे मंद केले. बाकीच्यांना बाहेर पाठवलं. एका नटीला आत आणून तिला माझ्या जागी रडायला सांगितलं. ती छान रडली, पण तो आवाज दुसऱ्याच बाईचा आहे हे लगेच कळत होतं. मला त्याची दया आली. मी घसा खाकरून रडल्यासारखा आवाज काढून बघितला. चाचांनी टेप थांबवली आणि पहिल्यांदा कागद सोडून दुसरं काही बोलले.

“रहने दो बाई. नै आता तो नै आता.”

शेवटी भाग तसाच गेला. “लक्ष्य नष्ट. लक्ष्यावर आपल्या देशाचं चिन्ह होतं. लक्ष्यात मुलं होती. पुढील सूचना द्या.” एवढं माझं बोलणं, आणि त्यानंतर शांतता. मित्रानं ती शांतता कापली नाही. रेडिओवर कुणी इतका वेळ गप्प बसत नाही. भाग लागला तेव्हा नवरा उठून रेडिओपाशी गेला, त्याला वाटलं रेडिओ बंद पडला. मग पुढच्या पात्राचा आवाज आला आणि तो तिथंच उभा राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी धनगराची बायको घागर न घेताच आली. ओट्याच्या पायरीवर बसली.

“काल तुमी लेकरायचं इमान जाळलं.”

“हो.”

“रडल्या बी नाय.”

“नाही.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तुमचं काय झालंय, बाई?”

मी तिला सांगितलं. मुलगी होती, आठव्या महिन्यात पोटातच गेली, मी बघितली नाही. पेपर वाचून दाखवावा तसंच सांगितलं. ती म्हणाली, “माजी दोन गेली. एक पोटातच, तुमच्यावानी. एक चालायला लागलं व्हतं. पैठणच्या वाटंवर तापानं गेलं. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवावंच लागलं, मेंढरं थांबत नाय.”

“मग?”

“मंग काय. हलवलं.” तिनं पायातला काटा चाचपला. “पोटातल्याचं नाव नाय ठेवलं. तुमी ठेवलं का?”

“नाही.”

“आमच्यात बी नाय ठेवत.”

ऊन पायरीवर आलं तेव्हा ती उठली. जाता जाता वळून म्हणाली, “आमच्या गावचे लोक येणार हायत तुमाला भेटाया. म्या नको म्हणलं, पर ऐकत नाय.”

आठवड्याभरात ते आले. गंगापूरहून जीप ठरवून आले होते. पाच-सात पुरुष आणि एक म्हातारी. धुतलेले कपडे, डोक्याला फेटे. जीप लांब उभी करून ते फाटकापर्यंत चालत आले आणि चपला बाहेर काढल्या. नवऱ्याची सुट्टी होती. त्यानं सतरंजी टाकली. पाणी जपून वापरायचे दिवस होते तरी मी सगळ्यांना चहा केला.

त्यांच्यातला एक पोक्त माणूस बोलायला लागला. त्याचं बोलणं आदबीचं होतं. त्यांच्याकडं सगळे ती मालिका ऐकत होते. उत्तरा हे पावसाचं नक्षत्र. त्या नक्षत्राच्या नावाचा देश आहे, त्याच्याकडं ढग विरवायचं यंत्र आहे, आणि ढग विरवल्याचं बाई दर आठवड्याला सांगतात. इकडं ढग येतात आणि न बरसता जातात. त्याला कुणावर आळ घ्यायचा नव्हता. त्या देशाला शत्रूची भीती असेल, त्यांचंही बरोबर असेल.

“पर दोन नक्षत्रं तरी बंद ठेवा म्हणावं,” तो म्हणाला. “आश्लेषा आन् मघा. मंग करा चालू.”

नवरा हसला नाही, याबद्दल मला त्याचं अजून बरं वाटतं. त्यानं समजावून सांगितलं. देश खोटा आहे, यंत्र खोटं आहे, ही सगळी नाटकवाली माणसं आहेत, तमाशात राजा होतो तसं. घरातून बशी आणि विजेरी आणून उपग्रह म्हणजे काय तेही दाखवलं. सगळ्यांनी मन लावून बघितलं, मानाही डोलावल्या. त्याचं सांगून संपलं तेव्हा म्हातारी माझ्याकडं वळली.

“साहेब शिकलेले हायत. पर रेडूत तर तू सांगतीस ना, बाई. तू सांग.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. धनगराची बायको फाटकापाशी उभी होती, तीही बघत होती. मी चहाचे कप गोळा करत होते. हातातला ट्रे घेऊन तशीच म्हणाले,

“प्रहरी बंद केला आहे.”

स्टुडिओत बोलायची तशीच बोलले. माझ्याकडं दुसरा आवाज नव्हताच. पोक्त माणसानं डोळे मिटून हात जोडले. म्हातारीनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. चपला घालून ते जीपकडं गेले.

फाटक लावून नवरा आत आला. तो रागावला होता. आमच्यात भांडणं फारशी व्हायची नाहीत. त्या वर्षात तर एकही झालं नव्हतं.

“काय बोललीस तू हे? मी अर्धा तास घसा कोरडा केला. आता पाऊस नाही आला तर काय म्हणतील?”

“पाऊस नाहीच आला तर आपल्याकडं बघायला कुणाला वेळ असेल?”

“पण खोटं का सांगायचं?”

“मग काय सांगायचं होतं?”

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ विजेरीचं बटण चालू-बंद करत राहिला. मग म्हणाला, “दवाखान्यात त्या दिवशी सगळे मला खरं तेच सांगत होते. डॉक्टर, नर्स, सगळे. एकानं तरी खोटं सांगायला हवं होतं. घटकाभर.”

मी ट्रे ठेवून त्याच्यासमोर बसले. तो बोलत राहिला. नातेवाईक अर्ध्या वाटेतून परत गेला होता, त्याला ते बघवेना. मग यानंच एकट्यानं खड्डा खणला. शेजारच्या शेतातून कुदळ मागून आणली होती. जमीन दुष्काळानं दगड झालेली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर ठेवायला धोंडे गोळा केले. तिला डोक्यावर भरपूर केस होते. हे सांगताना तो रडला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना बघत होते. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली त्याची पाठ हलत होती, तेवढं मला कळत होतं.

“कुठं?” मी विचारलं.

“जायचंय?”

“हो.”

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर गेलो. शहर संपतं तिथं, नाल्याच्या काठानं एक पडीक रान होतं, लहान मुलांना तिथंच नेत असत. त्याला आठवत होतं त्या वळणावर आम्ही वळलो, आणि पुढं रुंद रस्ता निघाला. नवा, खडी अंथरलेला. दोन्ही बाजूंना चुन्यानं रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडलेले होते. प्रत्येक दगडावर तेलरंगानं आकडा. एका टोकाला पत्र्याची खोली आणि तिच्या दारात खाट टाकून बसलेला माणूस. आम्ही प्लॉट बघायला आलोय असं वाटून तो उठून आला.

“कार्नर का होना क्या, साब?”

नवऱ्यानं मान हलवली. “इथं एक बाभळ होती.”

“झाडं सगळी काढली की. लेवल केलंय आता. एकदम साफ.”

नवरा रस्त्यावर पुढं-मागं चालला. नाल्याचं वळण बघितलं, लांबच्या डोंगराची कड बघितली. एका जागी थांबला. “इथं असेल,” म्हणाला. मग पलीकडच्या दगडांकडं गेला. “किंवा इथं.” तो माझ्याकडं बघेना. मी दोन्ही जागा बघितल्या. सारखीच मुरमाची जमीन होती. मला काही वाटेल म्हणून मी थांबले होते. ऊन चढलं होतं आणि मला तहान लागली होती, एवढंच वाटत होतं. खाटेवरच्या माणसानं माठातलं पाणी दिलं. ते प्यालो आणि घरी आलो. वाटेत नवरा एकदाच बोलला, “नीट धर,” रस्ता खराब होता म्हणून.

आश्लेषा, मघा गेल्या. पाऊस पडला तो पार हस्तात, तोही कुठं पडला, कुठं नाही. गावाकडून पुन्हा कुणी आलं नाही, ना जाब विचारायला, ना हात जोडायला. मालिका त्याआधीच संपली. शेवटच्या भागात उत्तरा आणि तिचा शेजारी करार करतात असं मित्रानं लिहिलं होतं. त्याला ते स्वतःलाच फारसं पटलं नव्हतं, पण केंद्राला त्या वेळेत चारा आणि जनावरांच्या रोगांवरचा कार्यक्रम लावायचा होता, म्हणून आटोपतं घ्यावं लागलं. तो मला नव्या नाटकात काम देत होता, एका आईचं. मी नको म्हटलं. त्यानं आग्रह केला नाही.

धनगरांचं बिऱ्हाड त्या पावसानंतर हललं. त्यांच्या रानात थोडं गवत आलंय असा निरोप आला होता. सकाळी घोड्यावर सामान लादलं, वर खाट, खाटेला उलट्या बांधलेल्या कोंबड्या. ती फाटकाशी आली.

“येते, बाई.”

“पुढच्या वर्षी?”

“पाऊस नसला तर येऊ की. असला तर कशाला येऊ?” तिनं मोकळ्या झालेल्या प्लॉटकडं बघितलं. “तुमी कामाला जावा आता. घरात बसू नका.”

मी मान हलवली. मेंढरं पुढं निघाली होती, तिला पळत जावं लागलं. ती माणसं नंतर कधी आली नाहीत. आली असती तरी त्यांना जागा नव्हती.

दिवाळीनंतर मी कॉलेजात रुजू झाले. त्याच सुमारास शेजारच्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली. मालक जालन्याकडचे, सरकारी खात्यात, नुकती बदली होऊन आलेले. घर पुरं व्हायच्या आधीच ते कुटुंब एका खोलीत राहायला आलं, वरच्या मजल्याच्या सळया तशाच उघड्या. पहिल्याच दिवशी त्यांची बायको बादली घेऊन आमच्याकडं आली. लाजत होती.

“आमचं कनेक्शन अजून झालेलं नाही हो. एखादी बादली...”

“घ्या की,” मी म्हटलं. नवरा मागच्या अंगणात हौदावर होता, मी तिला तिकडं घेऊन गेले. तो तिची बादली भरायला लागला. ती आजूबाजूला बघत होती. दोरीवर आमचे दोघांचेच कपडे.

“मुलं किती तुम्हाला?” तिनं सहज विचारलं.

नवरा हौदात वाकलेला होता. हे कुणी विचारलं की तोच पुढं होऊन काहीतरी सांगायचा, अजून नाही, बघू, असं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी बोलले.

“एक मुलगी झाली होती. राहिली नाही.”

“अरेरे,” ती म्हणाली. “कधी?”

“मागच्या हिवाळ्यात. भरपूर केस होते तिला.”

तिनं पदर सारखा केला. नवऱ्यानं तांब्या पुन्हा हौदात बुडवला, बादली काठोकाठ भरली आणि तिच्या घरापर्यंत तोच पोचवून आला.